पाणी उतरलं की बेट काठाला लागतं: नाथसागरातल्या घरट्यांच्या संरक्षणाचं एक प्रकरण

जायकवाडी धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, १५२२ फुटांवर भरलेला असतो तेव्हा त्याच्या फुगवट्यात लहानमोठी तीसेक बेटं दिसतात. १९७६ मध्ये जायकवाडीचं लोकार्पण झालं, त्याआधी ही बेटं नव्हती. गोदाकाठच्या शिवारातल्या टेकड्या आणि उंचवटे होते. १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य झाला, क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. नदी सुरय, छोटी आर्ली, मोठा करवानक, कंठेरी चिखल्या हे पक्षी पूर्वी उन्हाळ्यात गोदावरीच्या वाळूपट्ट्यांवर अंडी घालत. धरणाने नदीचा प्रवाह बदलला, उरलेली वाळू उपशात गेली. आता मार्च ते जून त्यांना उघडी, झाडी नसलेली, पाण्याने वेढलेली जमीन हवी असते आणि ती बेटांवर मिळते. नदी सुरय धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे, त्यामुळे हा प्रश्न एका गावाच्या हौसेपुरता नाही.

अडचण अशी की विणीचा आणि पाणी उतरण्याचा हंगाम एकच आहे.

परिस्थिती

नमुना म्हणून असं बेट धरू: लांबी ४०० मीटर, रुंदी १०० मीटर, म्हणजे ४ हेक्टर. मुरमाड माथा, कडेला गाळ, चार-दोन वेड्या बाभळी. नोव्हेंबरात चहूकडे पाणी. फेब्रुवारीच्या अखेरीस एका बाजूने चिखलाचा पट्टा उघडा पडतो, मार्चमध्ये तो वाळून कडक होतो आणि ६० मीटर रुंदीची वाट तयार होते. काठावर मासे उतरवण्याची जागा, पुढे गाळपेराची रानं (पाणी उतरल्यावर गाळात पेरलेली), त्यापुढे गाव. ही मापं हिशेब समजावा म्हणून धरली आहेत. आपल्या बेटावर फीत धरूनच काम सुरू करावं.

पट्टा कडक झाला की त्यावरून सगळ्यात आधी कुत्री येतात. मासे उतरवण्याच्या जागेवर पडलेली आतडी आणि खवले खाऊन ती तिथेच रात्र काढत असतात. बेट त्यांच्यासाठी दोनशे पावलांवर. मागोमाग चाऱ्यासाठी मेंढरं येतात आणि कळपासोबत पुन्हा कुत्री. उंदीर मात्र पट्ट्याची वाट पाहत नाहीत. जाळ्यांच्या ढिगातून, कडब्याच्या पेंढ्यांतून, चप्पूवर (मासेमारांच्या लहान होडीवर) टाकलेल्या पोत्यांतून ते आधीच पोहोचलेले असतात, आणि थोडं अंतर पोहूनही येतात.

कोण बाहेरचं, कोण इथलं

बेटांवरून शिकारी प्राणी काढण्याच्या कामात न्यूझीलंड सगळ्यांच्या पुढे आहे. तिथल्या मारिया बेटावर वादळपाखरं या समुद्रपक्ष्यांना वाचवण्यासाठी स्वयंसेवकांनी उंदरांविरुद्ध मोहीम केली आणि १९६४ मध्ये ते बेट उंदीरमुक्त ठरलं. त्याच सुमारास बिग साउथ केप बेटावर उलट घडलं: उंदीर पोहोचले आणि स्नाइप पक्ष्याची एक जात, बुश रेन हा पक्षी आणि वटवाघळाची एक जात हातची गेली. सॅडलबॅक पक्षी वाचले, कारण ३६ पक्षी वेळेत दुसऱ्या बेटांवर हलवले गेले. पण तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. म्हणून तिथे सापळ्यात सापडणारा सस्तन प्राणी बाहेरचाच असतो आणि विषाचा वापरही त्या हिशेबाने करता येतो.

मराठवाड्यात हा हिशेब चालत नाही. कोल्हा, खोकड, मुंगूस, घोरपड, रानमांजर ही सगळी इथली आहेत, कायद्याने संरक्षित आहेत, आणि त्यांनी अंडं खाल्लं तरी त्यांना हात लावायचा नाही. घरातला काळा उंदीरसुद्धा भारतीय उपखंडातलाच. तो देशाला नवा नाही, बेटाला नवा आहे. तपकिरी उंदीर मात्र उत्तर आशियातून आलेला. त्यामुळे इथे ‘बाहेरचा’ याचा कामापुरता अर्थ एकच ठेवावा: माणसाच्या पाठीमागे बेटावर आलेला. त्यात कुत्रा, पाळीव मांजर आणि घरउंदीर येतात. बाकी कोणी नाही.

ही यादी ग्रामसभेच्या ठरावात नावांसकट लिहून घ्यावी. नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी पिंजऱ्यात अडकलेलं मुंगूस मोठ्या उत्साहाने दाखवायला आणतं.

परवानगी

अभयारण्यात वन विभागाच्या वन्यजीव शाखेच्या लेखी परवानगीशिवाय एक खुंटीही ठोकता येत नाही. जमीन बुडीत क्षेत्रातली, म्हणून जलसंपदा विभागालाही पत्र द्यावं लागतं. अर्ज गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून गेलेला बरा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. सोबत मच्छीमार सहकारी संस्थेचं संमतीपत्र जोडावं. हे सगळं ऑक्टोबरात सुरू केलं तर डिसेंबरात हाती येण्याची आशा धरता येते. फेब्रुवारीत अर्ज केला तर त्या वर्षीचा हंगाम गेला असं समजावं.

कुत्र्यांबाबत नियम स्पष्ट आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटका कुत्रा पकडायचा तो नसबंदी आणि लसीकरणासाठी, मान्यताप्राप्त पथकाने, आणि सोडायचा पकडला त्याच भागात. मारणं किंवा दुसऱ्या गावाच्या हद्दीत नेऊन टाकणं गुन्हा आहे. नसबंदी करावीच, पुढच्या तीन-चार वर्षांत तिचा उपयोग दिसतो. पण नसबंदी झालेला कुत्राही अंडी खातो. या वर्षीची घरटी वाचवतं ते कुंपण आणि काठावरची स्वच्छता.

आधी माशांचा कचरा

सगळ्या आखणीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम हेच आहे, आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारंही. मासे साफ करण्याची जागा बेटासमोरून निदान ५०० मीटर दूर न्यावी. झाकणाचे दोन प्लास्टिक पिंप ठेवावेत. आतडी-खवले रोज पिंपात जातील, त्यात वजनाला वजन गूळ घालून झाकून ठेवलं तर महिनाभरात पिकांवर फवारायचं मासळीचं द्रावण तयार होतं. सेंद्रिय शेती करणारे ते बनवतातच, त्यामुळे घ्यायला माणूस मिळतो. फक्त जलाशयाला लागून असलेल्या गाळपेरात ते वापरू नये. पिंप भरलं आणि गूळ संपला तर एक मीटर खोल खड्डा, वर चुना आणि ४० सेंटिमीटर माती. उथळ खड्डा कुत्री रात्रीतून उकरतात.

हे काम डिसेंबरात सुरू व्हायला हवं. कुत्र्यांची जागेची सवय मोडायला आठवडे लागतात. कचरा मार्चमध्ये अचानक बंद केला तर भुकेली कुत्री सरळ बेटावर जातात, म्हणजे उशिरा केलेलं हे काम नुकसानच करतं.

उंदरांसाठी पिंजरे

वेळ जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य. अंडी पडायला लागली की बेटावर पिंजऱ्याचं काम बंद.

विष वापरायचं नाही. झिंक फॉस्फाईड असो की ब्रोमाडिओलोन, हा छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. शिवाय विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबड, घार किंवा कोल्हा उचलतो आणि तोही मरतो. चिकट पट्ट्याही नकोत. त्यात सरडे, चिखल्या आणि साप अडकतात आणि तडफडून मरतात.

बाजारात मिळणारा तारेचा उंदराचा पिंजरा पुरतो. ४ हेक्टरसाठी हिशेब: किनारा फिरून १००० मीटर, दर २५ मीटरला एक, म्हणजे ४०. मधून लांबीच्या दिशेने एक ओळ, ४०० मीटरला १६. एकूण ५६ आणि मोडतोड, चोरी धरून ६ जादा. किनाऱ्याची ओळ पाण्यापासून ३ ते ५ मीटर आत, दगड-काटक्यांच्या आडोशाला. उंदीर उघड्यावरून कमी आणि कडेकडेने जास्त चालतो. प्रत्येक जागेला क्रमांक द्यावा, दगडावर रंगाने.

पहिल्या तीन रात्री दार तारेने उघडं बांधून नुसतं आमिष ठेवायचं. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिल्याच रात्री दार लावलं तर दोन-चार सापडतात आणि बाकीचे शहाणे होतात. आमिष म्हणजे शेंगदाण्याचा कूट आणि गूळ, सुपारीएवढा गोळा, आकड्याला घट्ट दाबून. सुकट लावू नये, ती मुंगूस आणि खेकडे ओढते. मुंग्या आमिष खातात, म्हणून ते सकाळी ठेवायचंच नाही, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ठेवायचं. चौथ्या रात्रीपासून दार लावायचं. सकाळी उजाडताच फेरी, आणि सगळे पिंजरे दिवसभर बंद. फेब्रुवारीतसुद्धा दहाच्या उन्हात तारेच्या पिंजऱ्यातला प्राणी तासाभरात दगावू शकतो. वरून गोणपाटाचा तुकडा टाकलेला असावा. दिवसा उघडा राहिलेला पिंजरा टिटवी, साळुंकी आणि घोरपडीचं पिल्लू पकडतो.

सापडलेला प्राणी ओळखणं हा या कामातला कळीचा भाग. काळ्या उंदराची शेपटी अंगापेक्षा लांब आणि बोडकी, कान मोठे. तपकिरी उंदराची शेपटी अंगापेक्षा आखूड, तोंड बोथट, कान लहान. जर्बिलचे डोळे मोठे, शेपटीच्या टोकाला काळा झुबका, चाल उड्या मारत. हा इथला रानउंदीर, फोटो काढून जागीच सोडायचा. घूसही इथलीच. शंका असेल तर सोडायचा.

घरउंदराचं पुढे काय, हे कामाआधी ठरलेलं असावं. पाण्यात बुडवून मारण्याची सवय गावोगावी आहे. त्यात जीव जायला मिनिटं लागतात, ते क्रूर आहे, करू नये. पशुवैद्यकाकडून योग्य पद्धत शिकून घेतलेली दोन माणसं नेमावीत. पहिल्या पाच रात्रींत जर्बिल एकदाही सापडला नाही, तर पुढच्या रात्रींसाठी जोरदार स्प्रिंगचे चाप लाकडी खोक्यात बसवून वापरता येतात, त्यात मरण तत्काळ येतं. खोका ४५ सेंटिमीटर लांब, १५ रुंद, १५ उंच. तोंडाला ६ सेंटिमीटरचं चौकोनी भोक, आत १० सेंटिमीटरवर जाळीची आडभिंत, तिचं भोक पहिल्याच्या समोर नसून बाजूला. त्यामुळे पक्ष्याची मान किंवा मोठ्या प्राण्याचा पंजा चापापर्यंत पोहोचत नाही. झाकण स्क्रूने बंद, खोका दोन खुंट्यांनी जमिनीला पक्का. उघड्यावर चाप कधीच नाही.

हातात जाड मोजे हवेत, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पिंजरे साबणाने आणि नंतर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने धुवावेत, पण जलाशयात नाही, काठापासून दूर. नंतर साध्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावेत, ब्लीचचा वास राहिला तर उंदीर फिरकत नाही. कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस.

नोंद ‘पिंजरा-रात्री’त ठेवावी. ५६ पिंजरे १० रात्री म्हणजे ५६०. आमिष गेलं पण आत कोणी नाही, असे पिंजरे समजा ४० वेळा बंद सापडले, तर त्याच्या निम्मे, २०, वजा करायचे, उरले ५४०. २७ उंदीर मिळाले तर दर शंभराला ५. हा आकडा दर तीन रात्रींनी काढला की उतार दिसतो. तो शून्याला आला म्हणजे उंदीर संपले असं मात्र नाही. न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी रॅझा नावाचा एकच तपकिरी उंदीर एका निर्जन बेटावर मुद्दाम सोडला होता. तो १८ आठवडे हाती लागला नाही आणि दरम्यान ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला. एकट्या उंदराला भरपूर खायला असतं, तो आमिषाकडे वळत नाही. म्हणून शेवटी वेगळं साधन लागतं: शेंगदाणा तेल चोळलेले मेणबत्तीचे तुकडे तारेने खुंटीला बांधून दर ५० मीटरला ठेवायचे आणि त्यावर दातांच्या खुणा शोधायच्या. खूण दिसली तिथे भोवती चार पिंजरे.

नाथसागरात उंदीर कायमचे संपवणं हे ध्येय ठेवू नये. पाणी दरवर्षी उतरणार, वाट दरवर्षी होणार. मार्च ते जून त्यांची संख्या खाली ठेवणं एवढं पुरे, आणि ते जमतं.

पट्ट्यावरचं कुंपण

१.८ मीटर रुंदीची साखळी जाळी घ्यावी. त्यातली १.२ मीटर उभी, उरलेली ६० सेंटिमीटर काठाच्या बाजूला जमिनीवर वाकवून मातीने आणि दगडांनी दाबायची. कुत्रा जाळीच्या बुडाशी उकरतो, थोडं मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही, म्हणून हा पदर काम करतो. दर ३ मीटरला लोखंडी खांब, ६० सेंटिमीटर खोल. चिखलात काँक्रीट नको, हंगाम संपला की खांब निघाले पाहिजेत. वरच्या कडेला दर मीटरला पांढऱ्या कापडाची पट्टी, नाहीतर रात्री उडणारे करवानक जाळीवर आदळतात. जुनी मासेमारीची जाळी कुंपणाला वापरण्याचा मोह होतो. त्यात पक्षी गुंततात, वापरू नये. विजेचा प्रवाह तर मुळीच नाही.

कुंपण फसतं ते टोकांना. पट्टा ६० मीटरचा, दोन्ही टोकं पाण्यात १५-१५ मीटर, असं ९० मीटर कुंपण १ मार्चला उभं केलं. पाणी आठवड्याला ३० सेंटिमीटर उतरत असेल आणि तळाचा उतार ५० ला १ असेल, तर काठ आठवड्यात १५ मीटर मागे जातो. म्हणजे ८ मार्चला दोन्ही टोकं कोरडी, आणि कुत्रं कुंपणाला वळसा घालून आत. दर आठवड्याला दोन्ही बाजूंना १५-१५ मीटर वाढवायचं तर दहा आठवड्यांना ३०० मीटर जाळी आणि १०० खांब लागतात, सुरुवातीचे वेगळे. हा साठा आधी जमवलेला नसेल तर कुंपण घालूच नये. अर्धवट कुंपणाचा आणखी एक तोटा: आत शिरलेलं कुत्रं बाहेर पडत नाही आणि सगळी वसाहत संपवतं.

पाणी किती सरकलं हे गावात सगळ्यांत अचूक कोणाला कळतं? काठावर मोटार टाकलेल्या शेतकऱ्याला. त्याला दर काही दिवसांनी मोटार आणि पाइप पुढे न्यावे लागतात. टोकं वाढवण्याचं काम मजुरी ठरवून त्यालाच द्यावं. तो रोज तिथे असतो, आणि पाइप हलवायच्या दिवशीच जाळीही हलते. धरणाची रोजची पातळी वर्तमानपत्रात फुटांत येते, तिच्याशी ताळा घ्यावा.

कुंपण बंद करण्याआधी भल्या पहाटे माणसांची रांग बेटाच्या टोकापासून पट्ट्याकडे चालवून कुत्री बाहेर काढायची. बिळात पिल्लं असलेली कुत्री सापडली तर पिल्लांना हात न लावता पशुवैद्यकीय पथकाला कळवावं. कुंपणाच्या आतल्या बाजूला एक मीटर रुंदीची बारीक मातीची पट्टी संध्याकाळी झाडूने सारखी करायची आणि सकाळी ठसे वाचायचे. कुत्र्याच्या ठशात चार बोटं आणि नखं उमटतात. कोल्ह्याचा ठसा तसाच पण अरुंद, लांबट. मांजराच्या ठशात नखं नसतात. मुंगसाची पाच बोटं दिसतात. कोल्हा किंवा मुंगूस दिसलं तर नोंद करायची, बाकी काही नाही.

मेंढपाळ आणि मासेमार

मेंढरांच्या खुरांखाली जाणारी अंडी कुत्र्यांनी खाल्लेल्या अंड्यांइतकी डोळ्यांत भरत नाहीत, कारण खूण उरत नाही. धनगर कुटुंबांशी बोलणं फेब्रुवारीआधीच व्हावं, आणि ‘इथे येऊ नका’ एवढ्यावर थांबू नये. चाऱ्याला आणि पाण्याला दुसरा काठ कोणता, हे ठरवून सांगितलं तर ते ऐकतात. मासेमारांना एकच विनंती: मार्चनंतर बेटावर जाळी वाळवू नयेत, मुक्काम करू नये, आणि चप्पूवर पोती चढवण्याआधी झटकावीत.

वीण सुरू झाल्यावर

बेटावर पाय ठेवायचा नाही. एप्रिल-मेच्या दुपारी सुरय अंड्यावर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. माणसाला पाहून ती उठली तर उघडी अंडी काही मिनिटांत तापून मरतात. वर गोंधळ ऐकून कावळे येतात. मोजणी पाण्यातून, १०० मीटरवरून, दुर्बिणीने, सकाळी आठच्या आत, आठवड्यातून एकदा. बसलेले पक्षी आणि पिल्लं वेगवेगळी लिहायची. किती उंदीर धरले हा कामाचा निकाल नाही. किती पिल्लं उडाली तो निकाल. शक्य असेल तर कुंपण नसलेल्या शेजारच्या बेटाचीही तशीच मोजणी ठेवावी, नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. फोटो काढणाऱ्यांनाही हेच अंतर लागू.

दुष्काळी वर्षी

हे सगळं गणित पट्टा ६० मीटरवरून हळूहळू रुंद होतो या गृहीतावर उभं आहे. २०१६ सारख्या वर्षी जलाशय मृतसाठ्यात जातो, बेटाभोवती पाणीच राहत नाही आणि पट्ट्याऐवजी मैदान उरतं. तिथे जाळी पुरत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धरणाची पातळी पाहून ठरवावं: एप्रिलअखेर बेट तिन्ही बाजूंनी उघडं पडणार असेल तर कुंपणाचा खर्च करू नये, तो पैसा राखणदारांच्या मजुरीला वळवावा. चंबळ नदीवर पाणचिऱ्यांच्या घरट्यांसाठी स्थानिक लोकांनाच राखणदार नेमण्याची पद्धत चालते. तिथेही कुत्री आणि गुरं हीच अडचण आहे. दोन माणसं, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, काठाच्या बाजूला वसाहतीपासून १५० मीटर दूर, हातात बॅटरी आणि काठी. काठी आपटायला, मारायला नाही. स्वयंपाक बेटावर करायचा नाही, उरलेली भाकरी तिथे टाकायची नाही. अशा वर्षी पक्षी बहुधा जलाशयाच्या आत नव्याने उघड्या पडलेल्या वाळूवर सरकतात, म्हणून मार्चच्या मध्यावर चप्पूतून एक फेरी मारून वसाहत खरोखर कुठे आहे ते पाहावं आणि राखण तिथे लावावी.